सगळ्यांचे अंगठे

हाडांच्या वॉर्डात सोयीची ड्युटी सुरू झाली तेव्हा सगळ्यांना आनंदाचं भरतं आलं होतं, हे आधी सांगून टाकलेलं बरं. नाहीतर आता जो तो म्हणतो की मला ते तेव्हाच पटलं नव्हतं. कागदावर तिचं नाव होतं 'लवचिक कार्यपद्धती'. ते वाचून दाखवताना इन्चार्जबाईंची जीभ दोनदा अडखळली, आणि संध्याकाळपर्यंत वॉर्डानं तिला सोयीची ड्युटी करून टाकलं.

कोणी सकाळी उशिरा यायचं, कोणी दुपारी लवकर निघायचं, कोणी सलग रात्री घ्यायच्या. फोनवरच्या ग्रुपवर विचारायचं, जिला जमतं तिनं 'मी घेते' म्हणायचं, की झाली अदलाबदल. पोरांच्या शाळा सांभाळल्या गेल्या, सासूबाईंच्या तपासण्या सांभाळल्या गेल्या, एका सिस्टरनं तर अर्धवट राहिलेली पदवी पुरी करायला घेतली. त्यात वाईट काय होतं? काहीही नाही.

गेला तो फक्त ओव्हर. पूर्वी ड्युटी बदलताना जाणाऱ्या आणि येणाऱ्या सगळ्या सिस्टर मिळून पहिल्या खाटेपासून शेवटच्या खाटेपर्यंत चालत जायच्या. जाणारी सांगायची, येणारी ऐकायची. याचं प्लास्टर सैल झालंय, या आजींचा डोळ्याला डोळा लागलेला नाही, त्या कोपऱ्यातल्याच्या बायकोशी जरा जपून बोला. याला ओव्हर देणं म्हणत. आणि शेवटच्या खाटेनंतर, बेसिनपाशी हात धुताना, आपापल्या घरचाही ओव्हर होऊन जायचा. कुणाचा नवरा रुसलाय, कुणाच्या पोराला गोवर आलाय. त्यासाठी वेगळा वेळ कोणी दिलेला नव्हता आणि कोणी मागितलाही नव्हता.

आता सगळ्या जणी एका वेळी बदलतच नाहीत, तर कोणी कोणाला सांगायचं? पेशंटचं कॉम्प्युटरवर आणि बाकीचं ग्रुपवर, असं ठरलं. ग्रुपवर दिवसभर मेसेज पडत राहायचे आणि प्रत्येक मेसेजला प्रत्येकीनं अंगठा दाखवायचा, असा इन्चार्जबाईंचा नियम. अंगठा म्हणजे वाचलं. निदान सुरुवातीला तसं होतं. पुढे अंगठा म्हणजे 'वाचलं, पण मला जमणार नाही' असं झालं, आणि त्याच्याही पुढे अंगठा म्हणजे नुसता अंगठा. भाजी चिरताना, बसची वाट बघताना, पोराच्या बुटाची नाडी बांधताना बोट आपसूक तिथं जायचं.

अक्का या वॉर्डातल्या सगळ्यांत जुन्या सिस्टर. हे नाव त्यांना कोणी दिलं ते आता कुणाला आठवत नाही. काल आलेला डॉक्टरसुद्धा त्यांना अक्काच म्हणतो. एकुलत्या एका लेकीचं पहिलं बाळंतपण म्हणून त्यांनी रजा काढली होती, आणि रजेनंतरचे काही महिने अर्धी ड्युटी मागून घेतली होती. सकाळी यायचं आणि दुपारी जेवायला घरी. अशी अर्धी ड्युटी वॉर्डात एका वेळी एकीलाच मिळायची. तिच्यावर बऱ्याच जणी डोळा ठेवून होत्या, पण अक्कांच्या नातवंडासाठी म्हटल्यावर कोणी हूं की चूं केलं नाही.

बाळ हाती लागलं नाही. दिवस भरत आले होते, सगळं ठीक होतं, आणि एका सकाळी पोटातली हालचाल थांबली. ऑपरेशन करून बाळ काढावं लागलं. लेकीला एवढा रक्तस्राव झाला की तीही जाता जाता वाचली. अक्कांनी इन्चार्जबाईंना फोन करून एवढं सांगितलं. दोघी एका बॅचच्या, एकमेकींना अगंतुगं करणाऱ्या.

"तू कुणाला काही सांगत बसू नकोस," इन्चार्जबाई म्हणाल्या. "मी सगळ्यांना कळवते. तुला कोणी एक शब्द विचारणार नाही. आणि रजा वाढवून घे हवी तेवढी."

अक्कांनी रजा वाढवली नाही. ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी, इस्त्रीचा युनिफॉर्म घालून त्या वॉर्डाच्या दारात उभ्या राहिल्या.

पहिले भेटले वॉर्डातले मामा. ते स्ट्रेचर ढकलत लिफ्टकडे निघाले होते, ते तिथंच थांबले. स्ट्रेचरवरच्या माणसानं मान वर करून पाहिलं.

"आल्या का आजीबाई," मामा म्हणाले. "काय झालं मग?"

"मुलगा," अक्का म्हणाल्या.

"वा, वा. तोंड गोड केल्याशिवाय सोडणार नाही हं तुम्हाला."

अक्का 'हो' म्हणाल्या. मामा गेले. इन्चार्जबाई त्या दिवशी कुठल्याशा बैठकीला वरच्या मजल्यावर होत्या. हल्ली त्या निम्मा आठवडा वरच असत, त्यांचीही सोयीची ड्युटीच होती.

मग प्लास्टरच्या खोलीतला माणूस आला. मग साडेनऊची ड्युटी घेणारी सिस्टर आली. दुपारच्या आधी आणखी दोघी आल्या, एक जाताना भेटली. कोणी एकत्र येतच नसल्यामुळे एकीनं विचारलेलं दुसरीच्या कानावर पडत नव्हतं, आणि प्रत्येकीला सगळं नव्यानं हवं होतं. नर्सच त्या. वजन किती आहे, हे त्यांच्याशिवाय कोण एवढ्या तातडीनं विचारणार?

"चांगलं होतं," अक्का म्हणाल्या.

"कोणावर गेलाय?"

"लेकीवर."

"रंगानं?"

"केसांनी."

अक्कांनी एकही खोटं उत्तर दिलं नाही. 'होतं' म्हणाल्या, ते 'होतं' कुणाला ऐकू गेलं नाही, कारण कौतुक करायला आलेल्या माणसाचे कान त्याच्या हसण्यामागे बंद असतात. अक्कांना त्यांचा राग आला का? नाही. वाईट वाटलं का? तेही नाही. दाढ काढण्याआधी इंजेक्शन देतात, त्यानंतर गाल जसा होतो, तसं त्यांचं सबंध अंग झालं होतं. आहे आपलंच, चिमटा काढला तर कातडी ओढली जाते, पण ते कळतं फक्त बोटांना. त्यांनी ड्रेसिंग केली, इंजेक्शनं दिली, मांडीचं हाड मोडलेल्या आजोबांना कुशीवर वळवून त्यांची पाठ पुसली. काम झकास होत होतं.

घरी जायची वेळ झाली तेव्हा त्या गेल्या नाहीत. स्टोअरमध्ये बसून बँडेज गुंडाळत राहिल्या. बँडेज गुंडाळायचं काम त्यांचं नव्हतं, ते मावशी करतात. मावशींनी एकदा दारातून डोकावून पाहिलं आणि फुकटची मदत कोण नाकारतो, म्हणून त्या चहा प्यायला गेल्या.

तिथंच अक्कांनी फोन काढून ग्रुप उघडला. रजेवर असल्यापासून त्यांनी तो उघडला नव्हता. मेसेजांचा ढीग साचला होता. दुपारी कोणी येईल का, माझी शनिवारची रात्र कोणी घेईल का, चादरी मोजून द्या, ऑटोक्लेव्ह बंद आहे. खाली सरकता सरकता इन्चार्जबाईंचा मेसेज सापडला. म्हणजे बाईंनी शब्द पाळला होता. फक्त त्यांना लहानपणापासून एक सवय होती, अवघड गोष्ट शेवटी सांगायची. 'अक्का सोमवारपासून रुजू होत आहेत,' असा मेसेज सुरू होत होता. 'सकाळची अर्धी ड्युटी, ठरल्याप्रमाणे. त्यानुसार सकाळच्या वेळा बदलल्या आहेत, त्या पाहून घ्याव्यात. ट्रॅक्शनची वजनं वापरून झाल्यावर जागेवर ठेवावीत.' एवढं वाचलं की फोनच 'पुढे वाचा' म्हणत होता, आणि पुढे वाचल्यावर शेवटच्या ओळीत होतं, 'त्यांच्या मुलीचे बाळ दगावले आहे. कृपया कोणीही त्यांना त्याबद्दल विचारू नये.'

खाली झाडून सगळ्यांचे अंगठे होते. मामांचाही होता, प्लास्टरवाल्याचाही होता. अक्कांनी ते सावकाश पाहिले, आणि मग त्यांच्या बोटानं जुन्या सवयीनं आपलाही एक अंगठा त्यात टाकला. ते त्यांच्या नंतर लक्षात आलं. काढून टाकावा का, असा विचार त्यांनी केला आणि तेवढ्यासाठी परत बोट उचलायचा त्यांना कंटाळा आला.

घरी लेक मधल्या खोलीत पडून होती. जावई त्याच्या गावी कामावर परतला होता, रोज संध्याकाळी फोन करायचा आणि दोन्हीकडून 'हं' झालं की ठेवून द्यायचा. अक्कांनी घरात शिरल्या शिरल्या हात धुतले, लेकीचा ताप पाहिला, टाके पाहिले, दूध आटवायची गोळी दिली. छाती दुखतेय का विचारलं. लेक 'नाही' म्हणाली. दुखत असणार, हे अक्कांना कळत होतं. पूर्वी त्या लेकीला उठता बसता 'बाळा' म्हणायच्या. आता ती हाक तोंडातून निघेना आणि दुसरी कुठली सवय नव्हती, म्हणून त्या हाक न मारताच बोलत.

"गोळी घेतलीस ना?"

"आत्ताच दिलीस ना तू."

"पाणी पीत जा."

लेकीनं भिंतीकडे तोंड केलं आणि मग भिंतीलाच म्हणाली, "तू पाहिलंस त्याला. मी नाही."

अक्का पाण्याचा ग्लास हातात घेऊन उभ्या राहिल्या. बाळ निघालं तेव्हा लेक भुलीत होती, आणि नंतर दीड दिवस कुणाला ओळखत नव्हती. बाळ अक्कांच्याच हातात दिलं होतं. जावयानं विचारलं होतं, हिला दाखवायचं ना, थांबू या का? अक्काच म्हणाल्या होत्या, नको, जन्मभर डोळ्यांपुढून जाणार नाही. शिकताना त्यांना असंच शिकवलं होतं, आणि त्या स्वतः कितीतरी बायकांच्या बाबतीत तशाच वागल्या होत्या. लेक शुद्धीवर येईपर्यंत सगळं उरकलं होतं.

"आता पडून राहा," अक्का म्हणाल्या. "विश्रांतीनंच भरून येईल."

 त्यानंतर लेक कित्येक दिवस काही बोललीच नाही. खायला दिलं तर खायची, उठवलं तर उठायची. तपासायला नेलं तेव्हा डॉक्टरीणबाई अक्कांना बाजूला घेऊन म्हणाल्या की जखम छान भरतेय, पण हिच्याशी कोणीतरी बोला, नाहीतर ही अशीच आत आत जाईल. अक्कांनी मान हलवली. लेकीची परगावची नणंद बोलेल, जावई बोलेल, एखादी मैत्रीण येऊन बोलेल, असं त्यांनी मनाशी धरलं. आपण सोडून जगातलं कुणीही चाललं असतं.

मग त्या वॉर्डातच जास्त राहू लागल्या. ग्रुपवर कोणी दुपारी येईल का विचारलं की अक्का 'मी घेते'. कोणाचा रविवार, 'मी घेते'. वॉर्डात कुजबुज सुरू झाली. घरात तान्हं मूल आणि आजी इथं मुक्काम ठोकून. जावयाशी बिनसलं असेल. नाही हो, लेकीचं आणि हिचं वाजलं असेल, बाळंतिणीच्या खोलीत दोन नर्सा झाल्या की व्हायचंच. लेक नर्स नव्हती, ती बँकेत होती, पण ऐन रंगात आलेल्या गप्पेत एवढं कोण बघतो.

या कुजबुजीत न बसणारी एकच सिस्टर होती, कारण तिला बसायला वेळच नव्हता. तिला धांदल म्हणत. दोन लहान मुलं, एक पाळणाघरात आणि एक शाळेत, नवरा फिरतीच्या नोकरीवर, आणि ही कायम एका हातात डबा, दुसऱ्या हातात टोपी घेऊन जिन्यातून पळत वर येणारी. अर्धी ड्युटी तिनंही मागितली होती. अक्कांची संपली की तुझी, असं इन्चार्जबाईंनी तिला सांगून ठेवलं होतं.

एका दुपारी धांदल स्टोअरमध्ये कापूस घ्यायला आली तर अक्का तिथं बँडेज गुंडाळत बसलेल्या. धांदलीनं घड्याळाकडे पाहिलं आणि तिचा पारा चढला.

"अक्का, एक बोलू? राग येऊ देऊ नका. आला तरी चालेल."

"बोल."

"माझा धाकटा पाळणाघरात सगळ्यांत शेवटी उरतो. ती बाई त्याला पायरीवर घेऊन बसते. मला अर्धी ड्युटी मिळाली असती तर तो पायरीवर बसला नसता. तुम्हाला मिळाली, नातवासाठी मिळाली, मी म्हटलं ठीक आहे, त्यांचा हक्क आहे. आणि तुम्ही इथं चिंध्या गुंडाळताय. घरी जा ना. तिकडे बाळाला आजी नको का?"

अक्कांनी हातातली गुंडाळी पुरी केली, टोक आत खोचलं आणि ती इतरांच्या शेजारी ठेवली.

"तू घे ती ड्युटी," त्या म्हणाल्या. "मी आज बाईंना सांगते. बाळ नाही."

"म्हणजे?"

"गेलं ते. पोटातच. ग्रुपवर आहे."

धांदलीनं खिशातून फोन काढला. ती बराच वेळ वर सरकवत राहिली, मग थांबली, मग 'पुढे वाचा'वर बोट ठेवून वाचत राहिली. तिचा अंगठा खालीच होता. तिचा चेहरा इतका पडला की अक्कांनाच तिला खुर्ची द्यावीशी वाटली. ती कापसाच्या गठ्ठ्यावर बसली.

"मी वाचलंच नाही," ती म्हणाली.

"कोणीच नाही वाचलं. जाऊ दे."

"रोज विचारत होते ना सगळे तुम्हाला? आणि तुम्ही उत्तरं देत होतात?"

"विचारलं की द्यायचं. सवय आहे."

धांदलीचे डोळे भरून आले. तिनं ते बाहीला पुसले. अक्कांना तिच्याकडे पाहून काहीतरी व्हायला हवं होतं, ते झालं नाही. पण तोंड आपोआप चालू झालं, ज्या सुरात त्या इतकी वर्षं खाटेपाशी उभ्या राहून सांगत आल्या त्याच सुरात. "दिवस भरलेले. सकाळपासून हालचाल नाही म्हणून नेलं. ठोके मिळाले नाहीत. भूल देऊन काढलं. मुलगा. माझ्याकडे दिला. त्याचे..."

"लेकीनं पाहिलं?" धांदलीनं मधेच विचारलं.

"नाही."

"तिला सांगितलंत का तुम्ही हे, आत्ता मला सांगताय ते?"

"नाही."

धांदल उठून उभी राहिली. "मग मला नका सांगू," ती म्हणाली. "मला ऐकायचं नाही. ज्याचा पेशंट त्याला ओव्हर द्यायचा, हे तुम्हीच मला शिकवलंत. मला झापलं होतंत त्यावरून, भर वॉर्डात. उठा अक्का. तुमच्या खाटा मी बघते."

"तुझा धाकटा?"

"बसेल आज पायरीवर. रोज बसतो."

अक्का घरी गेल्या तेव्हा उन्हं अजून कलली नव्हती. रस्त्यावर शाळेतून सुटलेली पोरं होती, फळवाला गाडी सावलीत ओढत होता. त्यांनी दार उघडलं, सवयीनं बेसिनकडे वळल्या आणि हात न धुताच मधल्या खोलीत गेल्या. लेक तशीच भिंतीकडे तोंड करून पडली होती. अक्का खाटेच्या कडेला बसल्या. युनिफॉर्म अंगावरच होता.

"ताप नाहीये," लेक म्हणाली. "गोळी घेतली."

"मुलगा होता," अक्का म्हणाल्या.

 लेक वळली नाही.

"वजन चांगलं होतं. केस भरपूर, काळेभोर, तुझे होते तसेच कपाळापर्यंत आलेले. डाव्या कानाची वरची पाळी दुमडलेली होती, झोपून दुमडते तशी. मी ती सरळ केली, ती परत दुमडली. बोटं लांब होती. नखं वाढली होती, कापायला आली होती. पायाचे तळवे सुरकुतलेले. अंगावर कुठं डाग नाही, काही नाही. नाक जावयांचं." अक्का थांबल्या. "काय राहिलं?"

"रडला?"

"नाही."

"एकदाही?"

"एकदाही नाही. आधीच गेला होता."

लेक आता वळली होती. तिचे डोळे कोरडेच होते, पण ते आईच्या तोंडावर खिळले होते.

"गार होता?"

"नाही. गरम होता. तुझ्याच अंगाची ऊब ती. माझ्या हातात होता तोवर टिकली. मी पुसला, गुंडाळला आणि घेऊन बसले. त्यांनी मागितला तरी दिला नाही लवकर. तो गार व्हायला लागला तेव्हा दिला."

अक्कांना आपला आवाज कुठून तरी दुरून ऐकू येत होता. तो फुटला तेही त्यांना उशिरा कळलं, हनुवटीवर ओलं लागलं तेव्हा.

"तुझ्याजवळ ठेवायला हवा होता," त्या म्हणाल्या. "जावई थांबू म्हणाले होते. मीच नको म्हटलं. मला वाटलं तुला सोसणार नाही. खरं तर मलाच सोसणार नव्हतं, तुझ्या शेजारी त्याला बघणं."

 लेकीनं आईला जवळ घेतलं नाही, की असू दे म्हणाली नाही. तिला ते कधी म्हणता येईल की नाही, कुणास ठाऊक. तिनं फक्त हात लांब करून आईच्या युनिफॉर्मची बाही मुठीत धरली.

"परत सांग," ती म्हणाली.

"कुठून?"

"पहिल्यापासून."

अक्कांनी पाय वर घेतले, उशी पाठीशी ओढली आणि सांगायला सुरुवात केली. मुलगा होता. वजन चांगलं होतं.